कुत्रा अचानक चावायला लागलाय? या चुका टाळा

आमचा कुत्रा टफी तेव्हा नऊ वर्षांचा होता. रोजच्यासारखं सोफ्यावरून उचलायला मी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि त्याने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. घरच्यांनी त्याला दुसऱ्या खोलीत कोंडलं आणि पुढचे दोन दिवस आम्ही कुणी त्याच्याशी धड बोललोही नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मागच्या दोन्ही पायांचे खुब्याचे सांधे झिजले होते. मी उचललं की दर वेळी त्याला कळ येत असणार. महिनाभर तो जिन्यापाशी थबकत होता, मी जवळ गेले की मान फिरवत होता. ‘वय झालं’ एवढं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

तेव्हापासून कुणी ‘आमचा कुत्रा अचानक चावला’ म्हणालं, की मी आधी विचारते, गेल्या महिन्याभरात त्याच्यात काय काय बदललं?

स्वभाव बिघडला असं ठरवून मोकळं होणं

आजवर शांत असलेला कुत्रा चावला, तर ट्रेनरला फोन करण्याआधी पशुवैद्याकडे जा. कानातला संसर्ग, किडलेला किंवा तुटलेला दात, मणक्याचं दुखणं या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. थायरॉइड कमी झालं तरी काही कुत्रे चिडचिडे होतात. कमी दिसायला किंवा ऐकू यायला लागलेला कुत्रा झोपेत हात लागला तरी दचकून चावतो. त्याला आधी हाक मारून, जमिनीवर पाय आपटून जागं करायला हवं. स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनीही चिडखोरपणा वाढू शकतो. चावण्याआधी तो कुठे होता, कोण जवळ होतं, तुमचा हात त्याच्या अंगाला कुठे लागला, हे लिहून न्या. चालण्याचा, उठण्याबसण्याचा व्हिडिओ नेलात तर फारच चांगलं, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा दुखणं लपवतो.

आणि एक कळकळीची विनंती. दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

गुरगुरला म्हणून रागावणं

ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते, कारण ती करताना आपण शिस्त लावतोय असं वाटतं.

चावा ही कुत्र्याची पहिली प्रतिक्रिया क्वचितच असते. त्याआधी तो तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, खायला काही नसताना ओठ चाटतो. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. मग अंग ताठ होतं, चाललेलं खाणं किंवा चघळणं क्षणभर थांबतं. हा ताठरपणा ओळखायला शिका, तिथे अजूनही हात मागे घेता येतो. त्यानंतर गुरगुरणं, दात विचकणं, हवेत चावा, आणि मग खरा चावा.

गुरगुरताना फटका खाल्लेल्या कुत्र्याची भीती जात नाही, फक्त आवाज बंद होतो. असेच कुत्रे पुढे ‘काहीच न सांगता’ चावतात. त्यामुळे कुत्रा गुरगुरला की थांबा, नजर वळवा, शांतपणे बाजूला व्हा. असं केल्याने तो डोक्यावर बसत नाही. सांगितलेलं या माणसाला कळतं, एवढं त्याला समजतं. कशामुळे गुरगुरला याचा विचार नंतर, तो शांत झाल्यावर.

‘मालक कोण ते दाखवणं’

उताणा पाडून मान दाबून धरायची, डोळ्यांत डोळे घालून बघायचं, हे सल्ले अजूनही दिले जातात. त्यामागची कळपातल्या म्होरक्याची कल्पना 1947 मध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून मांडली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच नंतर सांगितलं, की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं असतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 140 कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर असं दिसलं, की ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी 43 टक्क्यांना आणि उताणं पाडणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांना कुत्र्याकडून आक्रमक उत्तर मिळालं. घाबरलेल्या जिवाला आणखी घाबरवलं की तो स्वतःला वाचवणारच.

तोंडातली वस्तू हिसकावून घेणंही याच प्रकारातलं. त्यापेक्षा जास्त आवडता खाऊ थोडा दूर टाका, तो तिकडे गेला की वस्तू उचला.

मुलांना ‘आपलाच तर आहे’ म्हणून सोडून देणं

लहान मुलांना चावणारा कुत्रा बऱ्याचदा ओळखीचा, घरातलाच असतो. मिठी मारणं, खाताना जवळ जाणं, झोपलेल्या कुत्र्यावर ओणवणं, यातलं काहीही मुलाला करू देऊ नका. लक्ष ठेवायला मोठं माणूस नसेल तर मध्ये दार किंवा लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक हवंच. एकदा चावल्यावर ‘बघू या, परत चावतो का’ म्हणून तोच प्रसंग मुद्दाम घडवून आणू नका.

जखम किरकोळ समजणं

घरचा, लस दिलेला कुत्रा असला तरी जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. ओरखडा असला तरी धुवा. घरगुती लेप काही लावू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते त्यांना ठरवू द्या. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागू शकतं. लस सुरू झाली की ठरलेले डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवतात, पण त्या काळात उपचार थांबवून वाट बघायची नसते. वागणं बदललं, आवाज बदलला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, पाय लटपटतात, असं दिसलं तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. त्याला वेगळ्या खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना कळवा.

चावा किती खोल होता हेही डॉक्टरांना सांगा. नुसता दात लागणं आणि सुळा अर्ध्याहून जास्त रुतणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात घरच्या घरी प्रयोग करू नका, कुत्र्यांच्या वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याचीच मदत घ्या.

मधल्या काळासाठी जाळीची मुसकी वापरा, जिच्यात कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. ती जबरदस्तीने चढवू नका. आत खाऊ ठेवा, त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, पट्टा बांधायची घाई करू नका. टफीला याला बारा दिवस लागले. सोफ्यापाशी आम्ही एक बुटकी पायरी ठेवली आणि त्याला उचलणं कायमचं बंद केलं.