पेटीत छोटा सेफेर तोरा सापडला तर आधी हे करा

पावसाळा संपला की पेट्या उपसून सगळं अंगणात वाळत घालायचं ही आपली अलिबाग-रेवदंड्याकडची सवय, आणि आमच्याकडे त्याच नादात आत्याने आजोबांचा वीतभर सेफेर तोरा, म्हणजे आपल्या ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळी, पापडासारखा उन्हात उलगडून ठेवला. तासाभरात कडा वळल्या. कातडं ते, कडक होणारच!

तर आधी सावलीत, कोरड्या हातांनी, फक्त दांड्या धरून थोडासा उलगडा. अक्षरांना बोट लावायचं नाही, देवळातही (सिनेगॉगमध्ये) वाचताना याद, म्हणजे ओळीवर फिरवायची काडीच वापरतात ना. दांडी एकच असेल तर बहुतेक ती पुरीमच्या सणाला वाचायची एस्तेरच्या गोष्टीची गुंडाळी, मेगिला, तोराला दोन असतात.

मग बघा हाताने लिहिलाय की छापील. मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका मारा, कातड्यावर शाईशिवाय ओढलेल्या बारीक रेघा दिसतील आणि अक्षरं त्या रेघांना वरून लटकल्यासारखी. शिन, आयिन, नून अशा सात हिब्रू अक्षरांच्या डोक्यावर तीन-तीन बारीक तुरे असतात पण ते छापीलमध्येही येतात, त्यावर जाऊ नका. तुकडे जोडलेत कशाने ते बघा, जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवलेले असतील तर काम सोफेरचं, म्हणजे तोरा हाताने लिहिणाऱ्या लेखनिकाचं. गुळगुळीत कागद, चिकटवलेले जोड, प्रत्येक आलेफ हुबेहूब सारखा, म्हणजे छापील, सिम्हाथ तोराच्या सणाला पोरांच्या हातात नाचायला देतात तसला. त्यातून देवळात वाचन होत नाही, पण म्हणून तो रद्दीतही टाकायचा नाही, देवाचं नाव आहे त्यात.

हाताचा निघाला तर मात्र जपा. आकाराने छोटा म्हणून मजकूर कमी नाही, तीच ३,०४,८०५ अक्षरं, एक जरी उडालं तरी सोफेरने दुरुस्त करेपर्यंत वाचायला चालत नाही. (नाझींच्या बर्गन-बेल्सन छावणीतून वाचलेला असाच एक छोटा सेफेर इस्रायली अंतराळवीर इलान रामोन २००३ मध्ये कोलंबिया यानातून अवकाशात घेऊन गेला होता.) खोबरेल, ओला फडका, सेलोटेप, लॅमिनेशन काहीही नको. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवा, समुद्राकडच्या भिंतीला टेकवू नका, आणि पावसाळ्यात कोरडा दिवस मिळाला की कपाट उघडून वारा लागू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलात तर आतच बुरशी धरेल.

अगदीच गेलेला असेल तर देवळात विचारा, असे सेफेर मातीच्या भांड्यात घालून कबरस्तानात पुरतात. आमचा अजून आहे, कडा तेवढ्या वाकड्या राहिल्या, आणि आत्या हल्ली पेट्या उघडायच्या आधी मला फोन करते.