हस्तिदंताची फाइल पहिल्यांदा टेबलावर येते तेव्हा

ब्रिटनमधल्या संग्रहालयात क्युरेटरच्या, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाच्या, हाताखाली लागलात की हस्तिदंताच्या वस्तूवर सरकारला सल्ला देण्याचं काम आज ना उद्या वाट्याला येतं. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा तुम्हाला माहीत असेलच: २०१८ साली मंजूर, ६ जून २०२२ पासून लागू, हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद, पाच सवलती. यातल्या चार सवलतींत मालक स्वतः नोंदणी करतो, म्हणजे १९७५ पूर्वीचं, २० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेलं वाद्य वगैरे. त्यांच्याशी आपला संबंध नाही. आपल्याकडे येते ती पाचवी: १९१८ पूर्वी घडवलेली, कला, संस्कृती किंवा इतिहासाच्या दृष्टीने अतिशय उच्च मोलाची वस्तू. मालक २५० पौंड भरून अर्ज करतो, सरकार तो नेमलेल्या संग्रहालयाकडे पाठवतं आणि संग्रहालय आपलं मत कळवतं. व्ही अँड ए, म्हणजे लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, हे अशा नेमलेल्या संग्रहालयांपैकी एक.

घाबरू नका. निर्णय मंत्र्यांच्या नावाने होतो, आपण सल्ला देतो. पण तो सल्ला ढिसाळ लिहिलात तर सगळं प्रकरण ढासळतं, कारण नकार मिळालेला मालक न्यायाधिकरणात दाद मागू शकतो.

आता ती जागा, जिथे मी फार काळ अडकून होते. कायदा दोन गोष्टी बघायला सांगतो: वस्तू किती दुर्मीळ आहे आणि आपल्या प्रकारातला ती किती महत्त्वाचा नमुना आहे. हे वाक्य सोपं वाटतं आणि तिथेच पाय घसरतो.

समजा, सतराव्या शतकात गोव्यात कोरलेला ‘बों पाश्तोर’ आला, मेंढपाळाच्या रूपातला बाळ येशू. तो डोंगरावर बसलाय, डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, खांद्यावर कोकरू, खाली झरा, त्याहून खाली गुहेत पहुडलेली येशूची शिष्या मेरी माग्दालेना. आपण मराठी माणसं, गोव्याचं नाव दिसलं की लेखणी सुटते: पोर्तुगीज मिशन, भारतीय कारागीर, ध्यानस्थ बुद्धाची आठवण करून देणारी मुद्रा. हे सगळं लिहावंसं वाटतं आणि त्यात चुकीचं काही नाही. फक्त ते त्या प्रकाराबद्दल आहे, टेबलावरच्या वस्तूबद्दल नाही. हेच दोन परिच्छेद कुठल्याही ‘बों पाश्तोर’खाली चिकटवता येतात, आणि अशा मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत पुष्कळ आहेत. प्रकार थोर म्हणून नमुना थोर ठरत नाही.

मग लिहायचं काय? हाच नमुना इतरांपेक्षा वेगळा कशामुळे, ते. मागची पानाफांद्यांची महिरप बहुतेकदा गेलेली असते, इथे ती टिकली आहे का? सोनेरी रंगाचा मूळ लेप शिल्लक आहे का? पायथा त्याच तुकड्याचा की नंतर जोडलेला? रचनेत इतर कुठे न दिसणारं काही आहे का? कुणाकडून कुणाकडे गेली याचे कागद आहेत का? या प्रश्नांना उत्तर नसेल तर सल्ला ‘नाही’ असाच लिहा. वस्तू सुंदर असली तरी ‘नाही’. जुनी असली तरी ‘नाही’. महाग असली तरी ‘नाही’, किमतीला या दोन कसोट्यांत जागाच नाही.

‘नाही’ लिहिताना मन खातं, हे मला ठाऊक आहे. मालक म्हणजे कधी एखादी म्हातारी बाई असते, आजोबांची वस्तू विकायला निघालेली. पण नकार मिळाला म्हणून तिची वस्तू कुणी हिसकावून नेत नाही. ती घरात ठेवता येते, नातवाला देता येते, मृत्युपत्रात लिहिता येते. पात्र संग्रहालयाला विकण्याची सवलत तर वेगळीच आहे. तेव्हा दयेपोटी मोठे शब्द वापरू नका. सवलत मिळाली की वस्तूबरोबर तिचा दाखला बाजारात फिरतो, आणि ही बंदी हत्तींसाठी आहे हे एक क्षणही विसरू नये.

शॉर्टकट म्हणून लिलावांचे जुने कॅटलॉग चाळू नका. तिथे प्रत्येक वस्तू ‘दुर्मीळ’च असते. माझं स्पष्ट मत आहे की या कामात प्राध्यापकापेक्षा कॉन्झर्व्हेटर, म्हणजे वस्तूंची जपणूक आणि दुरुस्ती करणारा, चांगला गुरू. दंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या श्रेगर रेषा दिसतात. हत्तीच्या दंतात बाहेरच्या बाजूला त्यांचा कोन मोठा, मॅमथच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाच्या, दंतात लहान. हाडात रेषा नसतात, बारीक काळे ठिपके असतात. हे पुस्तकात वाचून डोळ्यात बसत नाही, भांडारात तासन्‌तास उभं राहावं लागतं. कार्बन चाचणीवरही विसंबू नका: ती दंताचं वय सांगते, कोरीवकामाचं नाही. जुन्या दंतावर नवं काम करणारे हात आजही आहेत.

व्यापाऱ्यांशी ओळखी असतील तर फाइल हातात घेण्याआधी वरिष्ठांना सांगा. हे न सांगणाऱ्याबरोबर मी काम करणार नाही.

आणि २८ जानेवारी २०२५ पासून पाणघोडा, नार्व्हाल जातीचा व्हेल, स्पर्म व्हेल आणि किलर व्हेल यांचे दातही याच कायद्यात आले आहेत. गोव्याच्या मूर्तींवर हात बसला असेल तर आता खलाशांनी व्हेलच्या दातांवर कोरलेली चित्रं बघायला लागा. त्यांच्याही फायली येणार आहेत.