वर्गात व्हीआर हेडसेट नेण्याआधी या चुका टाळा

पहिली चूक व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी त्रिमितीय दृश्य दाखवणारं उपकरण) आल्याच्या दुसऱ्याच दिवशी होते. चार हेडसेट, साठ मुलांचा वर्ग, आणि सरांना ते आजच्याच तासाला दाखवायचे असतात. आधी कागदावर गणित मांडा. एकाला दहा मिनिटं दिली, तर पट्टे जुळवणं, चष्मा सांभाळणं आणि पुढच्यासाठी पुसून देणं यात आणखी तीन मिनिटं जातात. साठ जणांच्या पंधरा फेऱ्या होतात, म्हणजे १९५ मिनिटं. तास असतो पन्नास मिनिटांचा. मग प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम वीस सेकंद येतात, "अरे, मला दिसतंय!" एवढंच शिकणं होतं आणि बाकीचे छप्पन जण मोबाइल काढून बसतात. त्यातच मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटची बॅटरी जेमतेम दोन तास चालते, त्यामुळे पुढच्या वर्गाला दोन हेडसेट बंदच मिळतात. महिन्याभरात सगळे कपाटात जातात आणि विभागात "व्हीआरचा काही उपयोग नाही" असं मत कायमचं होऊन बसतं.

हेडसेट लेक्चरला नेऊच नका, प्रॅक्टिकलला न्या. वीसची बॅच आणि दोन तास असतील तर पाच फेऱ्या ६५ मिनिटांत होतात. हेडसेट घातलेल्याच्या शेजारी एक जोडीदार प्रश्नपत्रिका घेऊन उभा राहील: प्रश्न तो वाचेल, उत्तरही तोच लिहील. उरलेले बारा जण हेडसेटमध्ये दिसणारा रेणूच संगणकावर पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतील किंवा गोळे-काड्यांनी बांधतील.

दुसरी चूक विषय निवडण्यातली. लंबक, ओहमचा नियम, टायट्रेशन यांसाठी हेडसेट कशाला? लंबकाला दोरा आणि गोळा पुरतो, आणि प्रयोगशाळा अपुरी असेल तर शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्ज (ऑनलाइन प्रयोग) साध्या ब्राउझरमध्ये चालतात. जिथे तिसरी मिती कळल्याशिवाय गोष्ट समजतच नाही, तिथेच हेडसेट वापरावा. सायक्लोहेक्झेनच्या चेअर (खुर्चीसारख्या) रूपातले ॲक्शियल (उभे) आणि इक्वेटोरियल (बाजूला पसरलेले) हायड्रोजन फळ्यावर नेहमी गोंधळ घालतात. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांमध्ये हीम (लोह असलेला भाग) कुठे बसलाय, हे नॅनोम या व्हीआर ॲपमध्ये पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली १ए३एन ही रचना उघडून, हाताने फिरवूनच नीट दिसतं. गणितात z = x² − y² हा पृष्ठभाग घ्या. जिओजेब्रा या गणिताच्या ॲपच्या एआरमध्ये (फोनच्या कॅमेऱ्यातून खऱ्या जागेवर आकृती दाखवणाऱ्या सोयीत) तो टेबलावर ठेवून मुलं त्याच्याभोवती फिरली, की मूळबिंदू एका दिशेने किमान आणि दुसऱ्या दिशेने कमाल का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता सर्वांत जास्त खटकणारी चूक: हेडसेट घालायचा, फेरफटका मारून आणायचा आणि शिकवून झालं असं समजायचं. हे २०१८ सालीच तपासून झालं आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या विद्यापीठात पॅरोंग आणि मेयर या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना पेशींचा धडा व्हीआरमध्ये दिला, तर काहींना साध्या स्लाइड्सवर. मजा व्हीआरवाल्यांना जास्त आली, गुण मात्र स्लाइडवाल्यांना जास्त मिळाले. मग त्यांनी प्रत्येक भागानंतर थांबून सारांश लिहायला लावला, आणि नुसतं सलग व्हीआर पाहणाऱ्यांपेक्षा ते विद्यार्थी पुढे गेले. पुढच्याच वर्षी मक्रान्स्की हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही दिसलं, की तेच प्रयोगशाळेचं सिम्युलेशन संगणकाच्या पडद्यावर करणारे हेडसेटवाल्यांपेक्षा जास्त शिकले. म्हणून दर चार-पाच मिनिटांनी हेडसेट उतरवा आणि पाहिलेलं पेन्सिलीने काढायला लावा. "एवढा वेळ कुठे आहे?" असं विचारणाऱ्याने मग हेडसेटही देऊ नये. चित्र काढताना जे अडतं, तोच त्या दिवशी शिकवायचा मुद्दा असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

भिंगं खिडकीकडे करून हेडसेट ठेवू नका. ऊन भिंगातून एकवटतं आणि पडद्यावर कायमचे डाग पडतात.

सॅनिटायझरने भिंगं पुसू नका, त्यांचा लेप जातो. कोरडं मायक्रोफायबर वापरा आणि तोंडाला लागणारा भाग सिलिकॉनचा लावा.

"अक्षरं पुसट दिसतात" ही तक्रार बहुतेक वेळा भिंगांमधलं अंतर डोळ्यांमधल्या अंतराशी न जुळल्याची असते. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत, क्वेस्ट ३ मध्ये हे अंतर बदलायला चाक आहे. माणूस बदलला की हे अंतर पुन्हा जुळवा.

मळमळ होत असेल तर कंट्रोलरच्या काठीने (जॉयस्टिकने) सरकत चालणं बंद करून टेलिपोर्ट (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी) चालू करा, आणि नवख्यांना खुर्चीवर बसवा. फिट येण्याचा त्रास असलेल्यांना हेडसेट देऊ नका, हे आधीच विचारून ठेवा.

कॉलेजच्या वाय-फायवर विसंबू नका. लॉगिनचं पान आडवं येतं, आणि उपकरणं एकमेकांना दिसत नसल्याने हेडसेटमधलं दृश्य प्रोजेक्टरवर जात नाही. ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर ठेवा, संगणक त्याला केबलने जोडा आणि ॲप आदल्या दिवशीच उतरवून अपडेट करून ठेवा.

एआरमध्ये आकृती तरंगत किंवा घसरत असेल तर दोष पांढऱ्या, गुळगुळीत टेबलाचा असतो. कॅमेऱ्याला पकडायला खुणाच मिळत नाहीत. टेबलावर वर्तमानपत्र पसरा. आणि सगळ्यांचे फोन एआरकोअर (अँड्रॉइड फोनवर एआर चालवणारी गूगलची प्रणाली) चालवतात का, हे आठवडाभर आधी तपासा.

अख्खा अभ्यासक्रम एकाच ॲपवर उभा करू नका. गूगल एक्स्पिडिशन्स हे व्हीआर सहलींचं ॲप २०२१ मध्ये बंद झालं, मोझिला हब्ज ही व्हीआर भेटींची सेवा २०२४ मध्ये. आपली मॉडेलं जीएलबी (त्रिमितीय मॉडेलांचा सर्वत्र चालणारा प्रकार) फाइलमध्ये स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे ती ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्येही उघडतील आणि उद्याच्या एखाद्या नव्या ॲपमध्येही.