मोटरहोमच्या डिझेल लाइनला वॉटर सेपरेटर बसवताना

मोटरहोम महिनोन्‌महिने उभी असते, टाकी अर्धी रिकामी, आत दव धरतं आणि ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं, मग गाडी सुरू केली की सगळं सरळ फिल्टरमध्ये. म्हणून टाकी आणि फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) मधे खाली पारदर्शक वाटी असलेला सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर, बसवाच. इथे ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, गाळणीची छिद्रं यात मोजतात) घ्या, बारीक घेतलात तर पंपाला ओढायला जड जातं, बारीक गाळायचं काम कंपनीचा मूळ फिल्टर करतोच, तो अजिबात काढू नका.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन गार होऊ द्या. जागा सायलेन्सरपासून लांब, पण वाकून वाटी दिसेल अशी. सेपरेटरवरचा बाण इंजिनकडे. पाइप डिझेलसाठीचाच घ्या, साधा रबरी नळ फुगतो. क्लिपा नीट आवळा, कारण या बाजूला पंप ओढतो त्यामुळे जॉइंट ढिला असला तरी थेंबही गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि सकाळी इंजिन नुसतं घरघरतं!

शेवटी हँड प्रायमर (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप) दाबत राहा, वाटीतले बुडबुडे थांबेपर्यंत. तळाशी पाण्याची रेघ दिसली की खालचा नळ सोडून डब्यात काढा.