गुणोत्तर आणि दर: आधी शब्द लिहा, मग आकडे

सहावी-सातवीत गुणोत्तर शिकायला लागले की मुले आकडे दिसताच भागाकाराला लागतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. कशाची तुलना कशाशी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या एककात, हे वहीत लिहिल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये.

१. नावे लिहा. नुसते २ : ३ नको; 'निळा रंग : पांढरा रंग = २ : ३' असे लिहा. नेमके काय मोजतो आहोत तेही नावात येऊ द्या. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंच्या संख्येचे गुणोत्तर २ : १ आहे, पण वस्तुमानाचे १ : ८. पाणी तेच आणि दोन्ही उत्तरे बरोबर!

२. एकके सारखी करा. एक दोरी ५० सेंटिमीटर, दुसरी २ मीटर. ५० : २ मांडले तर आखूड दोरी लांब दोरीच्या पंचवीसपट ठरते. २ मीटरचे २०० सेंटिमीटर करा, म्हणजे १ : ४ येते. एकक सारखे झाले की ते दोन्हीकडून निघून जाते, म्हणून गुणोत्तराला एकक नसते.

३. गुणा, मिळवू नका. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, तेव्हा इथे घाई नको. दोन डबे निळा आणि तीन डबे पांढरा मिसळून एक छटा तयार झाली. तीच छटा जास्त हवी आहे. बरीच मुले दोन्हींत दोन-दोन डबे मिळवून ४ : ५ लिहितात, कारण फरक एकाचाच राहतो. पडताळा घेऊ. पांढऱ्याच्या मानाने निळा पूर्वी २/३ होता, आता ४/५ झाला. छेद १५ केला तर १०/१५ आणि १२/१५. म्हणजे छटा जास्त निळी झाली. दोन्ही पदांना एकाच संख्येने गुणले तरच छटा टिकते: ४ : ६, ६ : ९, १० : १५. मुलांना नियम पाठ करायला लावण्यापेक्षा ही जोड्यांची सारणी स्वतः भरू द्या. फरक वाढत जातो आणि गुणोत्तर मात्र हलत नाही, हे तिथे डोळ्यांना दिसते.

याच उदाहरणात निळा रंग एकूण मिश्रणाच्या २/३ नाही, २/५ आहे. एकूण भाग पाच आहेत, हे विसरायला होते.

४. दर काढताना 'दर कशाला?' हे विचारा. दोन वेगळ्या प्रकारच्या राशींची तुलना केली की दर मिळतो आणि त्याला एकक चिकटलेलेच असते. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. दर सेकंदाला किती मीटर, असा प्रश्न असेल तर सेकंदांनी भागा: १०० ÷ ९.५८, म्हणजे सुमारे १०.४४ मीटर प्रति सेकंद. 'दर' या शब्दापुढे जे येते, त्याने भागायचे. ताशी किलोमीटर हवे असतील तर ३.६ ने गुणा, साधारण ३७.६ येतात. हा ३.६ कुठून आला, तेही मुलांकडून काढून घ्या: तासाचे सेकंद ३६००, किलोमीटरचे मीटर १०००.

एकाचे मान मिळाले की कितीचेही काढता येते. हीच एकमान पद्धत. मात्र नळ वाढवले की टाकी भरायला वेळ कमी लागतो. अशा व्यस्त प्रमाणात भागाकार नाही, गुणाकार कायम राहतो.

५. दरांची थेट सरासरी घेऊ नका. १२० किलोमीटर जाताना वेग ताशी ६०, येताना ताशी ४०. सरासरी ५० वाटते. वेळ मोजा: जायला २ तास, यायला ३. एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ताशी ४८. कमी वेगाने जास्त वेळ प्रवास झाला, म्हणून सरासरी ४० कडे झुकली.