गिअरबॉक्स उघडायच्या आधी: गिअरच्या बाईकवर होणाऱ्या या चुका टाळा

गिअर कडक पडतात, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, चढावर मध्येच गिअर सुटतो. अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की पहिला संशय गिअरबॉक्सवर येतो. खरं तर बाईकमधल्या सगळ्यांत टिकाऊ भागांपैकी तो एक आहे. ऑइलमध्ये बुडालेला असतो, धूळ तिथवर पोचत नाही, आणि गाडी नीट चालवली तर ती विकेपर्यंत त्याला हात लावावा लागत नाही. दोष बहुतेक वेळा बाहेर असतो: क्लच वायरमध्ये, ऑइलमध्ये, चेनमध्ये किंवा चालवणाऱ्याच्या डाव्या हातापायात.

आत काय होतं ते एकदा समजून घ्या. बाईकच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. आपण पायाने गिअर लिव्हर दाबली की आतला ड्रम थोडा फिरतो, ड्रमवरच्या खाचेतून फोर्क सरकतो आणि एका गिअरला शेजारच्या गिअरकडे ढकलतो. त्याच्या बाजूला जाड खुंट्या असतात, मेकॅनिक त्यांना डॉग म्हणतात. त्या समोरच्या खाचांत बसल्या की गिअर पडला. दोन्हींचा वेग जवळपास सारखा असेल तर बारीक ‘टक्’ होतं. फरक जास्त असेल तर ‘खाड्’ होतं आणि खुंट्यांच्या कडा हळूहळू गोल होत जातात. स्कूटरमध्ये वेग जुळवायचं काम बेल्ट आणि व्हेरिएटर परस्पर उरकतात. बाईकवर ते आपल्याकडे असतं, आणि गिअरच्या गाडीची सगळी गोडी त्यातच आहे. इंजिनचा आवाज ऐकून, रेस नेमकी तेवढीच सोडून गिअर टाकला की लिव्हर लोण्यासारखी पडते. हे एकदा पायाला कळलं की माणूस सहसा स्कूटरकडे वळत नाही.

स्कूटरवरून बाईकवर येताना

स्कूटरचा डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक. बाईकवर त्याच जागी क्लच आहे. सोलापुरात सात रस्त्याला समोरची रिक्षा अचानक थांबली की सवयीने डावा हात आवळला जातो. गाडी थांबत तर नाहीच, उलट इंजिनचा अटकावही सुटतो आणि ती मोकळी पुढे जाते. म्हणून रस्त्यावर येण्याआधी मोकळ्या मैदानात २० च्या वेगाने हा सराव करा: आधी उजवा हात आणि उजवा पाय, आणि गाडी बंद पडायला आली की शेवटी क्लच. डावा हात आपोआप मागे राहायला लागेपर्यंत गर्दीत जाऊ नका. लायसन्सही तपासा. विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवता येत नाही.

दुसऱ्याची गाडी घेताना गिअरची रचना आधी विचारून घ्या. स्प्लेंडर, प्लॅटिनासारख्या गाड्यांत पुढे दाबत गेलं की गिअर वाढतात. पल्सरसारख्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरची सवय असलेला माणूस पल्सरवर ६० च्या वेगात ‘पुढचा गिअर’ म्हणून पाय खाली दाबतो आणि प्रत्यक्षात खालचा गिअर पडतो. क्लच सोडताच मागचं चाक आखडतं. जुन्या बुलेटवर तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे, आणि पहिला गिअर वर असे. निघण्याआधी जागेवरच दोन मिनिटं पायाला ओळख करून द्या.

अर्धा क्लच

सगळ्यांत जास्त नुकसान या सवयीने होतं. नवी पेठ, मधला मारुतीच्या गर्दीत गाडी पहिल्यात ठेवून क्लच अर्धा दाबून सरकत राहायचं, पुलाच्या चढावर ब्रेक न लावता क्लच आणि रेसवर गाडी तोलून धरायची, आणि मोकळ्या रस्त्यावरही दोन बोटं लिव्हरवर टेकवून ठेवायची. या तिन्ही प्रकारांत क्लचमधल्या चकत्या, म्हणजे प्लेटा, एकमेकींवर घासत राहतात. बाईकचा क्लच ऑइलमध्ये चालतो, त्यामुळे थोडी घासण तो सोसतो. पण मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना इंजिन आधीच तापलेलं असतं. त्यात ही घासण वाढली की घर्षण प्लेटांचा थर जळतो, स्टीलच्या प्लेटा निळ्या पडतात आणि स्प्रिंगा मऊ होतात.

चढावर गाडी मागच्या ब्रेकवर धरा आणि निघताना ब्रेक सोडत क्लच सोडा. सिग्नलला काही सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करा. गर्दीत क्लच पूर्ण दाबा किंवा पूर्ण सोडा. मधली जागा फक्त सुटण्याच्या क्षणापुरती.

क्लच स्लिप मारतोय का, म्हणजे प्लेटा पकड न घेता घसरतायत का, ते असं तपासा: मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात टॉप गिअरला रेस एकदम पूर्ण उघडा. इंजिनचा आवाज झपाट्याने चढला पण गाडीने वेग धरला नाही, तर स्लिप आहे. लगेच प्लेटांचा सेट मागवू नका, आधी वायर बघा.

क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. वायर अगदी ताणलेली असेल तर हात सोडला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि स्लिप मारतो. फार सैल असेल तर उलटं होतं. लिव्हर हँडलला टेकली तरी क्लच पुरता सुटत नाही, प्लेटा एकमेकींना ओढत राहतात, गिअर कडक पडतात आणि न्यूट्रल सापडत नाही. म्हणजे दोन्ही उलट तक्रारींचं मूळ एकाच वायरमध्ये असू शकतं. थोडा फरक लिव्हरजवळच्या स्क्रूने काढा. तो निम्म्यापेक्षा जास्त बाहेर आला असेल तर पुरता आत घ्या आणि इंजिनच्या बाजूच्या नटाने जुळवा. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वळवताना मोकळी हालचाल कमीजास्त झाली तर वायर कुठेतरी चुकीच्या मार्गाने नेली आहे.

प्लेटा बदलाव्याच लागल्या तर स्प्रिंगांसकट बदला. नव्या घर्षण प्लेटा बसवण्याआधी काही तास, जमल्यास रात्रभर, इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्या फेरीतच करपतात. स्प्रिंगांचे बोल्ट एक सोडून समोरचा असे थोडे थोडे कसायचे. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर आतला ॲल्युमिनियमचा खांब तुटतो आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

ऑइल

कारचं ऑइल स्वस्त पडलं म्हणून बाईकमध्ये टाकू नका. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. बाईकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असतं, आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं. घट्टपणा पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. १० डब्ल्यू ३० सांगितलेल्या गाडीत ‘उन्हाळा आहे, जाड टाकू’ म्हणून २० डब्ल्यू ५० भरलं तर थंड असताना प्लेटा चिकटून राहतात आणि सकाळी पहिला गिअर टाकताच गाडी हिसका देते. रात्रभर उभ्या गाडीत हे थोडंफार योग्य ऑइलनेही होतं. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून दोन-तीन किका मारल्या की प्लेटा सुटतात, मग इंजिन सुरू करा.

न्यूट्रल सापडत नाही

गाडी पूर्ण थांबल्यावर न्यूट्रल शोधणं हीच चूक. चाक थोडं फिरत असतानाच, चौक जवळ आला की दुसऱ्यातून हलक्या पायाने अर्धा टप्पा द्या. थांबल्यावर अडकलाच तर लिव्हरवर जोर करू नका. क्लच अगदी किंचित सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी वीतभर पुढेमागे हलवा, म्हणजे खुंट्या खाचेसमोर येतात. इंजिन बंद असताना पहिल्यातून दुसरा पडत नाही म्हणून घाबरू नका, त्याचंही कारण हेच आहे. थंड असताना न्यूट्रल सापडतो आणि तासभर चालवल्यावर सापडत नाही, असं असेल तर वायरची मोकळी हालचाल आणि ऑइल या दोनच गोष्टी आधी बघा.

अर्धवट पाय, चप्पल आणि वेल्डिंग

चौथ्यातून पाचवा टाकला, रेस दिली, आणि इंजिन नुसतंच ओरडलं. यात गिअर ‘सुटलेला’ नसतो, तो पडलेलाच नसतो. लिव्हर अर्धीच उचलली गेल्यामुळे ड्रम दोन टप्प्यांच्या मध्ये राहिला. रेस सोडा, क्लच दाबा आणि लिव्हर शेवटपर्यंत न्या. ती थांबेपर्यंत पायाने साथ द्या आणि मग पाय पूर्ण काढा. काढलाच पाहिजे, कारण लिव्हरवर टेकलेल्या पायाचं वजन थेट फोर्कवर येतं आणि फोर्क एका बाजूने झिजतो.

चपलेत अंगठा लिव्हरखाली नीट जात नाही, म्हणून पाय अर्धवट पडतो. बूट घाला आणि लिव्हरची उंची आपल्या पायाप्रमाणे लावा. बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढून लिव्हर शाफ्टवरून ओढता येते. काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर समोरासमोर खूण करा आणि एक दाता वर किंवा खाली सरकवून बसवा. टाच फूटरेस्टवरून न उचलता पायाचं बोट लिव्हरखाली गेलं पाहिजे.

हा बोल्ट सैल राहिला की लिव्हरच्या आतले दाते झिजतात आणि ती शाफ्टवर घसरते. मग रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात ती शाफ्टला चिकटवून घेतली जाते. हे कधीही करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचं ऑइल सील जळतं, गळती सुरू होते, आणि सील बदलायला किंवा ते कव्हर काढायला लिव्हर कापावीच लागते. नवी लिव्हर या सगळ्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

ॲव्हरेजसाठी टॉप, उतारावर न्यूट्रल

३० च्या वेगात टॉपला गाडी ओढली की पेट्रोल वाचतं हा समज खोटा आहे. इंजिन थरथरतं, रेस जास्त उघडावी लागते, आणि उन्हाळ्यात आतून टिकटिक असा धातूचा आवाज येतो. तो आवाज पिस्टनसाठी घातक असतो, ऐकू आला की लगेच एक गिअर खाली घ्या. १०० सीसीच्या चार गिअरच्या गाडीला अंदाजे पहिला १५ पर्यंत, दुसरा ३० पर्यंत, तिसरा ४५ पर्यंत आणि पुढे टॉप. चढ असेल, मागे माणूस बसला असेल तर प्रत्येक गिअर आणखी थोडा ओढू द्या.

तुळजापूरहून परतताना घाट उतरू लागला की अनेकजण न्यूट्रल करतात, काहीजण तर इंजिनही बंद करतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांपैकी बहुतेकींत पेट्रोल इंजेक्शनने येतं. गिअरमध्ये रेस पूर्ण सोडली की त्यांतल्या बहुतेक गाड्यांत इंजिनच्या ठराविक वेगाच्या (आरपीएम) वर इंजेक्टर बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचत काही नाही आणि इंजिनचा अटकाव हातचा जातो. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचा ड्रम तापला की पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. खाली येताना गिअर एकेक करून कमी करा: रेस सोडा, क्लच दाबा, रेसला बारीक झटका द्या, गिअर टाका, क्लच हळू सोडा. तो झटका बरोबर बसला की गाडी हिसका न देता आवाज बदलते.

ऊसतोडीच्या हंगामात मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बाजूंनी ऊस बाहेर आलेला असतो आणि मागे दिवे नसतात. अशा ट्रॉलीमागे ४० वर पाचव्यात चालत राहून तिथूनच रेस पिळून बाहेर पडू नका, गाडी उचलत नाही. आधी मागे राहूनच चौथा किंवा तिसरा घ्या, पूर्ण पुढपर्यंत दिसू द्या आणि मगच बाहेर या. समोरून काही आलं तर याच गिअरमध्ये रेस सोडून पटकन मागेही सरकता येतं.

चेन आणि तुटलेली वायर

गिअर टाकताना खटखट येत असेल तर चेन मोजा. मधोमध वरखाली साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ हवा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे सैल असेल तर चेनचा सेट संपला. दर ५०० किलोमीटरला तेल द्या, काळ्या मातीतून, चिखलातून आल्यावर त्याआधीच.

क्लच वायर अचानक तुटली असं वाटतं, पण लिव्हरमध्ये अडकणाऱ्या टोकाच्या गोळीजवळ (निपल) तिच्या तारा आधीपासून एकेक करून तुटत असतात. रबर सरकवून महिन्यातून एकदा बघा. लांब जाणाऱ्यांनी नवी वायर जुनीच्या बाजूनेच टाकून बांधून ठेवावी, तुटली की फक्त दोन टोकं जोडायची. सोय नसेल आणि गॅरेज गाठायचंच असेल, तर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून गाडी चालीच्या वेगाने ढकला, बसून पहिला टाका. पुढचे गिअर रेस क्षणभर पूर्ण सोडून पडतात. थांबण्याच्या बरंच आधी न्यूट्रल करा. गर्दीत हे करू नका, गाडी ढकलत न्या.

गिअरबॉक्स खरंच कधी उघडायचा

लिव्हर पूर्ण दाबूनही दर वेळी एकच गिअर जोर दिल्यावर बाहेर उडी मारत असेल, फक्त एकाच गिअरमध्ये घुंघुं आवाज येत असेल, किंवा ऑइल बदलताना धातूचे तुकडे निघत असतील, तर इंजिन उघडावंच लागेल. बारीक चमकती पूड थोडी निघाली तर चालते, कपचे चालत नाहीत. बहुतेक बाईकमध्ये त्यासाठी पूर्ण केस दुभंगावी लागते, मजुरी मोठी असते. म्हणून वाकलेला किंवा झिजलेला फोर्क, त्या गिअरची दोन्ही चाकं, खराब वाटणारे बेअरिंग आणि सगळी सीलं त्याच वेळी बदलून घ्या. गोल झालेल्या खुंट्या कानशीने घासून पुन्हा चौकोनी करून देतो असं कुणी म्हटलं तर नको सांगा. वरचा कडक थर निघून जातो आणि तोच गिअर पुन्हा सुटायला लागतो.