दुकानातल्या पोरीवर गिऱ्हाईक ओरडतंय? मदतीला जाताना या चुका टाळा

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत इथल्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका संध्याकाळी मी एका कापड दुकानात शर्ट बघत होतो. शेजारच्या काउंटरवर एका गृहस्थांनी पंजाबी ड्रेस आपटला. बदलून पाहिजे. बिल नाही, स्टिकर काढलेलं. पोरगी म्हणाली, "काका, बिल आणलंत की लगेच करून देते." त्यावर, "तू मला शिकवणार? पगार किती गं तुला?"

मी मध्ये पडलो. "ओ, तोंड सांभाळून बोला." त्यांचा आवाज चढला, माझा चढला, दारात बघ्यांची गर्दी झाली. मालक गादीवरून उठून आले, त्यांना हात जोडले, ड्रेस बदलून दिला, मला पाणी पाजलं. आठवड्यानं बाही कमी करायला गेलो तेव्हा ती पोरगी म्हणाली, "दादा, राग मानू नका. तुम्ही बोलला नसता तर मी मिटवलं असतं. तुम्ही गेल्यावर मलाच बोलणी बसली, तुझ्यामुळं तमाशा झाला म्हणून."

कॉलेजात असताना दोन वर्षं मी स्वतः चादरीच्या दुकानात उभा राहिलोय. मला तरी हे कळायला हवं होतं.

चूक पहिली, आणि सगळ्यात मोठी: गिऱ्हाइकाकडे तोंड करणं

आपण त्या माणसाशी बोलायला लागलो की भांडण आपलं होतं आणि पोरगी बाजूला पडते. शिवाय चार लोकांत अडवलेला माणूस सहसा माघार घेत नाही. म्हणून बोलायचं ते तिच्याशी. काउंटरजवळ, तिला दिसेल असं उभं राहायचं आणि साध्या आवाजात म्हणायचं, "ताई, तुमचं सावकाश होऊ द्या, मला घाई नाही." एवढंच. तिला कळतं की कुणीतरी बघतंय, आणि त्या माणसालाही कळतं. मी गल्ल्याजवळ असताना एका म्हाताऱ्या आजी हेच करायच्या. कुणी "काय बे, डोकं आहे का नाही" म्हणून सुरू झालं की त्या माझ्यासमोर स्टुलावर बसून राहायच्या, गिऱ्हाइकाकडे नुसतं बघत. निम्मे जण तिथंच आवाज उतरवायचे.

एवढ्यानं भागलं नाही तर तिला विचारा, "मालकांना बोलवू का?" ती नको म्हणाली तर नको. त्या दुकानात उद्या तिला यायचंय, तुम्हाला नाही.

रांगेतून "आवरा की लवकर" म्हणणं

असं म्हणणारा स्वतःला भांडणाबाहेरचा समजतो, पण काउंटरवरून ऐकलं तर तो ओरडणाऱ्याच्याच बाजूचा असतो. त्यापेक्षा भांडणाचं कारण काय आहे ते बघा. बऱ्याचदा ते इतकं किरकोळ असतं की कुणीही सोडवू शकतं.

उदाहरणार्थ, "माझे पैसे कटले, तुझ्याकडे कसे आले नाहीत?" मशिनातून आवाज आला नाही तर ती पोरगी काय करणार? पैसे खात्यातून गेले आणि दुकानदाराकडे पोचलेच नाहीत, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि त्याच्यापुढे उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. शेजारी उभ्या माणसानं हे शांतपणे सांगितलं की निम्मा जाळ विझतो. तसंच दहाच्या नाण्याचं. "हे चालत नाही" म्हणून सुट्टे तोंडावर फेकणारे मी पाहिलेत. दहाच्या नाण्याच्या सगळ्या डिझाइन चालतात हे रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. ते नाणं तुम्ही घ्या, तुमची नोट त्यांना द्या, रांग पुढं सरकते.

मोबाईल बाहेर काढणं

व्हिडिओत गिऱ्हाईक पाठमोरं असतं आणि चेहरा दिसतो तो पोरीचा, रडवेला. मग तो अख्ख्या गल्लीच्या ग्रुपवर फिरतो, तिच्या घरीही पोचतो, आणि "उद्यापासून कामाला जायचं नाही" हे तिलाच ऐकावं लागतं. बहुतेक दुकानांत कॅमेरे असतात. मालकाला म्हणा, आजचं रेकॉर्डिंग पुसू नका.

तिच्या भाषेवर हसणं, किंवा तिच्या वतीनं बोलणं

हे आपल्या सोलापूरचं खास. इथं काउंटरमागची कितीतरी माणसं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि पलीकडच्या गल्लीतल्याशी हिंदी. माझ्याबरोबरची अक्का नग मोजायची ते "ओकटि, रेंडु, मूडु" असंच. "आधी मराठी नीट बोल" असं तिला सुनावलं की आजूबाजूचे हसायचे. ते हसू ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं, हे तिनंच सांगितलेलं. हसू नका. आणि उलट टोकही गाठू नका, म्हणजे "तिला कळत नाही हो, मी सांगतो". तिला सगळं कळत असतं.

प्रकरण हातघाईवर आलं तरी "जाऊ द्या" म्हणणं

उद्धटपणा वेगळा आणि हात उगारणं, घाणेरडं बोलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा. मालकाला हाक मारा, ११२ लावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मारहाणीसाठी कलम ११५ आहे, आणि बाईच्या अब्रूला धक्का लावण्याच्या हेतूनं काढलेले शब्द किंवा हावभाव यांसाठी कलम ७९. मालकांनाही एक गोष्ट ठाऊक असावी, बऱ्याच जणांना नसते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे, दुकानात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तिला तक्रार द्यायची असेल तर मदत करणं हीसुद्धा. "गिऱ्हाईक आहे, काय करणार" हे उत्तर तिथं चालत नाही. तुम्ही पाहिलं असेल तर साक्षीसाठी तुमचं नाव आणि नंबर पोरीकडे देऊन जा.

गादीपाशी न थांबता निघून जाणं

मालकाच्या कानावर फक्त तक्रारी जातात. ओरडणारा जाताजाता सांगून जातो, "तुमची पोरगी उर्मट आहे." बघणारा पिशवी उचलून गप निघतो. संध्याकाळी हिशोबाच्या वेळी मालकाकडे एकच बाजू असते. तेव्हा पैसे देताना दोन वाक्यं बोला, पण नेमकी: "ते एवढं ओरडले, पण यांनी आवाज चढवला नाही. बिल मागितलं, तेही नीट." "पोरगी चांगली आहे" असं मोघम बोलून उपयोग नाही, ते मालक विसरतात.

तिचं उत्तर तुटक वाटलं तर घड्याळ बघा. ती सकाळपासून उभी असते. दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यावी म्हणून केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये कायदा बदलला, तो काही उगीच नाही.

शेवटची चूक माझ्या जुन्या धंद्यातली. गिऱ्हाईक पंधरा चादरी उलगडून, नाक मुरडून निघून गेलं की मागं ढीग उरतो. डबल चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही, दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तुम्ही धरलंत तर बरंच वाटेल तिला. पण आधी विचारा. प्रत्येक दुकानाची घडी वेगळी असते, आणि तुमच्या पद्धतीनं घातलेली ती तुम्ही गेल्यावर गुपचूप पुन्हा उलगडते.